दोघंच जाऊ या... डोंबिवलीला!

लोणावळ्याला सगळेच जातात. माथेरानला घोड्यांची लीद, महाबळेश्वरला कणसाचे भाव. तुम्हा नवराबायकोला खरोखर निवांत दोन दिवस हवे असतील तर डोंबिवली गाठा. हसताय काय? इतकं माणसाळलेलं गाव दुसरं नाही.

निघायचं शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला, दादरहून, फास्ट लोकलने. दुपारची रिकामी गाडी पकडाल तर सगळी मजाच जाईल. बायकोला लेडीज डब्यात चढवा, तुम्ही जनरलमध्ये शिरा. ठाण्यापर्यंत विरह, दिव्यापर्यंत घुसमट. डोंबिवलीला उतरायची काळजी करू नका, मागचे उतरवतात. मग पुलावर एकमेकांना शोधा. तिच्या केसांतला गजरा आणि तुमच्या शर्टाचं वरचं बटण, दोन्ही गेलेलं असेल. लग्न झाल्यापासून इतक्या ओढीने शोधलं होतं का कधी?

मुक्कामाला लॉज घ्या, अवश्य घ्या. काउंटरवरचा माणूस आधार कार्डावरचं आडनाव वाचेल आणि विचारेल, "टिळकनगरातल्या कुलकर्ण्यांचे कोण आपण?" इथे खोटं बोलून उपयोग नाही. डोंबिवलीत आत्या किंवा मावशी नाही असा मराठी माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. पाऊण तासात आत्या दारात. "लॉजवर? अरे, आम्ही काय मेलो होतो?"

त्यामुळे झोपायची सोय उत्तम होते: पुरुषांच्या गाद्या हॉलमध्ये, बायका आतल्या खोलीत.

शनिवारी सकाळी फडके रोडवर फिरा. हातात हात घालायचा असेल तर एकामागून एक चाला, शेजारी शेजारी चालायला रस्ता उरलेला नाही. टोकाला गणेश मंदिर, १९२४ सालचं. एकांताची फारच हौस असेल तर दिवाळीच्या पहिल्या पहाटे या. अख्ख्या डोंबिवलीतली तरुण मुलंमुली नवे कपडे घालून याच रस्त्यावर एकांत शोधायला आलेली असतात.

निसर्गाचे रंग बघायला एमआयडीसी आहे. २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये एक रस्ता गुलाबी झाला. ट्युलिप बघायला लोक श्रीनगरपर्यंत विमानाचं तिकीट काढतात. इथे रिक्षाने काम होतं, फक्त नाकाला रुमाल हवा.

रात्री कँडल लाइट डिनर वगैरे थेरं नकोत. पोळीभाजी केंद्रातून आठ पोळ्या आणि फ्लॉवर-बटाटा आणा. रबर लावलेली भाजीची पिशवी ताटात सोडताना रस्सा तुमच्या नव्या शर्टावर उडेल. बायको पदराने पुसायला पुढे होईल. एवढी जवळीक पुरे, समोर आतोबा बातम्या बघताहेत.

आणि रविवारचा सूर्यास्त मात्र चुकवू नका. पश्चिमेला मोठागावच्या खाडीवर माणकोलीचा पूल २०२४ मध्ये सुरू झाला. वारा झक्कास, पाणी सोनेरी. उपरोध बाजूला ठेवून सांगतो, दृश्य खरंच सुंदर आहे. इथे दोघांचा एक फोटो हवाच. मोबाइल आतोबांकडे द्या. ते आधी आत्याला हाक मारतील, मग शेजारच्या वहिनींना, मग मोबाइल वाटेवरच्या एखाद्या पोराच्या हातात देतील आणि तुम्हा दोघांच्या बरोबर मध्ये येऊन उभे राहतील.