पावणेदोन वर्षांचं कॉलेज कुणाच्याच वाट्याला येत नाही

बारावीचे निकाल लागले, प्रवेशाची धावपळ सुरू झाली की एक आलेख हमखास फिरायला लागतो. चढत जाणारी रेघ आणि खाली मजकूर: ‘भारतातला तरुण आता सरासरी पावणेदोन वर्षं उच्च शिक्षण घेतो. हा आकडा सतत वाढतोच आहे. पुढच्या पिढीत घरटी पदवीधर असेल. कॉलेजं पुरे झाली, आता शिष्यवृत्त्या आणि सवलती बंद करा.’ यंदा तो आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवरही आला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. पदवीच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे गप्प बसवेना. आकडा खरा आहे. त्याच्या जोरावर केलेली विधानं मात्र एकेक करून तपासली की टिकत नाहीत.

या मापाला ‘उच्च शिक्षणाची अपेक्षित वर्षं’ म्हणतात. आधी हा आकडा निघतो कसा ते बघू. केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात पटावरच्या एकूण विद्यार्थ्यांना १८ ते २३ वयाच्या लोकसंख्येने भागतात. २०२१-२२ साली हे प्रमाण २८.४ टक्के आलं. वयाची वर्षं सहा. ०.२८४ गुणिले ६, उत्तर १.७. युनेस्कोची सांख्यिकी संस्था वयाची पाचच वर्षं धरते, म्हणून तिचा हिशेब थोडा वेगळा दिसतो. रीत तीच.

‘तरुण सरासरी पावणेदोन वर्षं शिकतो.’ एका गावातली दहा मुलं डोळ्यांसमोर आणा. सात जणांनी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, दोघं सहा-सहा वर्षं शिकले, एक पाच वर्षं. बेरीज १७, सरासरी १.७. आता दुसऱ्या गावातली दहा मुलं घ्या. पाच जणांनी तीन वर्षांची पदवी पुरी केली, सहाव्याने दोन वर्षांनी सोडलं, चौघं गेलेच नाहीत. पुन्हा १७, पुन्हा १.७. पहिल्या गावात तीन मुलं पुढे गेली, दुसऱ्यात सहा. आकड्याला दोन्ही गावं सारखीच! आणि दोन्हीकडे पावणेदोन वर्षं शिकलेलं मूल एकही नाही. त्याच वर्षीचं तमिळनाडूचं प्रमाण ४७ टक्के होतं, म्हणजे २.८ वर्षं. बिहारचं १७.१ टक्के, म्हणजे जेमतेम एक वर्ष. आपल्या महाराष्ट्राचं ३५.३. देशभरातल्या अनुसूचित जमातींचं २१.२, म्हणजे सव्वा वर्षाच्या आसपास. ‘भारतातला तरुण’ म्हणताना यातला नेमका कुठला?

‘पुढच्या पिढीत घरटी पदवीधर.’ इथे घोळ मापाच्या नावातल्या ‘अपेक्षित’ने केला आहे. वाचणाऱ्याला वाटतं, हे भाकीत आहे. प्रत्यक्षात हिशेब इतकाच असतो: आज अठरा वर्षांच्या मुलीच्या वाट्याला पुढे प्रत्येक वयात यंदाचंच प्रवेशाचं प्रमाण आलं, तर तिची किती वर्षं कॉलेजात जातील? उद्या फी वाढली, दुष्काळ पडला किंवा गावात नवं कॉलेज निघालं, तर त्यातलं काहीही या आकड्यात आधी दिसणार नाही.

‘शिक्षण घेतो.’ या शब्दापाशी मला थोडं थांबायचं आहे. मोजलं जातं ते पटावरचं नाव. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गातला एक मुलगा दिवाळीनंतर दिसेना. घरच्यांनी ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेतली होती आणि वडिलांची कंबर धरली, म्हणून त्यांच्या जागी हा आईबरोबर कोयत्यावर गेला. परतला तो मार्चअखेरीस, तळहातांना घट्टे पडलेले. तिसऱ्या सत्राची परीक्षा बुडाली होती. हजेरी घेताना मी महिनोन् महिने त्याच्या नावापुढे गैरहजेरी मांडली, पण सर्वेक्षणात तो एक पूर्ण विद्यार्थी होता. एटीकेटीवर पुढे सरकलेला, तोच वर्ग दुसऱ्यांदा करणारा, दूरशिक्षणाचा अर्ज भरून पुस्तकं न उघडलेला, सगळे त्यात येतात. गळती आणि पदवीचे निकाल वेगळे पाहिल्याशिवाय या वर्षांतून शिक्षण किती झालं ते कळायला मार्ग नाही.

‘आकडा सतत वाढतोच आहे.’ वाढ झाली आहे आणि तिचा मला मनापासून आनंद आहे. २०१४-१५ साली देशात ३.४२ कोटी विद्यार्थी होते, २०२१-२२ साली ४.३३ कोटी झाले. मुली १.५७ कोटींवरून २.०७ कोटींवर गेल्या आणि त्यांचं प्रमाण मुलांच्या किंचित पुढे आहे. पण रेघेतला प्रत्येक चढउतार विद्यार्थ्यांमुळे येत नाही. २०१९-२० चं प्रमाण आधी २७.१ टक्के जाहीर झालं होतं. लोकसंख्येचा अंदाज २००१ ऐवजी २०११ च्या जनगणनेवरून धरल्यावर त्याच वर्षाचं प्रमाण २५.६ झालं. वर्षांत मोजलं तर साधारण एक महिना कमी झाला आणि कॉलेज एकाही मुलाने सोडलेलं नव्हतं. उलटंही होऊ शकतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या पदवीची सोय आहे. आज तीन वर्षांत बाहेर पडणारी मुलं चौथ्या वर्षाला थांबली, तर नवा एकही विद्यार्थी न येता रेघ वर जाईल.

‘कॉलेजं पुरे झाली.’ २०३५ पर्यंत हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचं त्याच धोरणाचं उद्दिष्ट आहे. वरच्या हिशेबाने तीन वर्षं. चीनने ५० टक्क्यांची रेघ २०२० पूर्वीच ओलांडली. १.७ वर उभं राहून पुरे झालं म्हणणं मला कळत नाही.

राहिली सवलतींची गोष्ट. महाराष्ट्राने २०२४-२५ पासून, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगलाच निर्णय आहे, पण घरापासून लांब शिकणाऱ्या मुलीला खोलीचं भाडं आणि मेसचा डबा चुकत नाही. हा खर्च कुणी उचलायचा, हे ‘सवलती बंद करा’ म्हणणाऱ्यांनी एकदा सांगावं. माझ्या त्या विद्यार्थ्यालाही शिष्यवृत्ती मंजूर झालेली होती. पैसे खात्यावर जमा झाले तेव्हा हंगाम संपत आला होता आणि तो फडातच होता.