बाँडचा डॉक्टर आणि वाळवंटातलं पोट

आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटलाय. एमबीबीएस झालेल्या पोरांना बाँडखाली, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या कराराखाली, मेळघाटात पाठवायचं की नाही? एक काका म्हणतात, दंड भरून सुटणाऱ्यांची पदवीच काढून घ्या. दुसरे म्हणतात, डॉक्टर देऊन उपयोग काय, आदिवासी आधी भगताकडेच जाणार.

सक्तीचा हा प्रयोग इथे ऑस्ट्रेलियात १९९७ पासून चालू आहे. परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरला मेडिकेअरमधून, म्हणजे सरकारी आरोग्य विम्यातून, पैसे हवे असतील तर साधारण दहा वर्षं डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागातच काम करावं लागतं. गडचिरोलीचं नाव काढलं की नाक मुरडणारे आपले डॉक्टर इथे आडगावात निमूट राहतात. (डॉलर मिळतात ना.)

पण डॉक्टर पोचला म्हणून पोट बरं होत नाही. अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी शोधला तो इथेच, पर्थमध्ये. मार्शल तर १९८४ मध्ये स्वतःच ते जंतू प्यायले. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी छापून आलेल्या पाहणीत, वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या ज्या मूळनिवासींची तपासणी झाली त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांत हा जंतू निघाला, आणि दुर्गम वस्त्यांत तर शहरापेक्षा कितीतरी जास्त.

मी फार्मसीत काम करते, त्यामुळे या जंतूवरचा औषधांचा कोर्स ओळखीचा आहे. दोन अँटिबायोटिक्स, आम्ल कमी करणारी गोळी, सकाळ-संध्याकाळ, आठवडा-दोन आठवडे. तोंड कडू होतं, जुलाब लागतात. मध्येच मयतीला दूरच्या वस्तीवर जावं लागलं की कोर्स तुटला. शिवाय जंतू लागतो तो बहुधा लहानपणी, घरातूनच. एका छपराखाली डझनभर माणसं आणि बिघडलेला नळ असेल तिथे एकट्या आजीला गोळ्या देऊन काय होणार? ‘पेशंट ऐकत नाही’ असा शेरा मारणं मात्र सोपं.

लोक दवाखान्यात येतात कधी? सिडनीच्या रेडफर्नमध्ये १९७१ साली मूळनिवासींनी स्वतःचा दवाखाना काढला. आज त्यांच्याच ताब्यातले असे शंभरावर दवाखाने देशभर आहेत. आपल्याकडे डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत लोकांना विचारून दवाखाना बांधला. लोकांनी झोपड्यांसारखी घरं मागितली आणि नाव दिलं दंतेश्वरी देवीचं.

म्हणून काकांना एवढंच विचारलं, मेळघाटातल्या धारणीच्या सरकारी दवाखान्यावर देखरेख करणाऱ्या रुग्ण कल्याण समितीवर कोरकू आदिवासी माणसं किती? ग्रुपवर अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.