राहिला असेल बलून

क्विझमध्ये हरल्याचं काही नाही हो, पण बरोबर उत्तर देऊन हरलो ते अजून डोक्यातून जात नाहीये. प्रश्न होता, 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' या कादंबरीत फिलियास फॉग कशातून प्रवास करत नाही? हत्ती, आगगाडी, शिडाची बर्फगाडी की बलून? मी ऐटीत बलून म्हणालो. चूक! त्यांच्या कागदावर बर्फगाडी.

मी उठून म्हटलं, अहो बलून १९५६च्या सिनेमातला, पुस्तकात फॉग त्यात पायसुद्धा ठेवत नाही. तर समोरच्या टीममधला एक फॅन उठला, टीशर्टवर भलामोठा बलून, तो पुरावा म्हणून ताणून दाखवत म्हणाला, "काका, बलून नाही तर जाणार कसा तो?"

"आगगाडीने. बोटीने."

"मग त्यात ॲडव्हेंचर काय?"

"पुस्तक वाचलंयस का?"

"सिनेमा पाठ आहे."

"मी पुस्तक म्हणतोय."

"तेच सांगतोय ना, सिनेमा पाठ आहे. डोळ्यांनी बघितलाय बलून."

"अरे पण ज्यूल व्हर्नने लिहिलाच नाहीये तो!"

"राहिला असेल. ऐंशीच दिवस होते ना, घाई झाली असेल."

हॉलभर टाळ्या. याला काय उत्तर देणार?

बरं, सिनेमावाल्यांवर माझा राग नाही. पाच ऑस्कर काय उगाच मिळाली? आणि खुद्द व्हर्नने १८७४मध्ये याच कादंबरीचं नाटक केलं तर पॅरिसच्या स्टेजवर जिवंत हत्ती आणला होता, म्हणजे तमाशा मूळ लेखकालाही हवाच होता. पण निदान हत्ती पुस्तकात आहे! 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'चंही तेच, ड्यूमाच्या कादंबरीतला काउंट शेवटी हायदे नावाच्या तरुणीबरोबर निघून जातो, २००२च्या सिनेमात त्याला जुनी प्रेयसी मर्सिडीज परत मिळते आणि वर तयार वाढलेला मुलगाही, आणि फॅन लोक मलाच समजावतात की मूळ शेवट चुकलाय. हजारावर पानं वाचली आम्ही, आणि बोलायचं यांनी. वाचणाऱ्याला हल्ली कटकट्या म्हणतात, बाकी काही नाही.

बक्षीस काय मिळालं त्यांना? तीच कादंबरी. मुखपृष्ठावर बलून. पठ्ठ्याने ती न उघडता माझ्या नाकासमोर धरली, "बघा काका!" आणि क्विझमास्टर मला म्हणतो, पुढच्या वेळी जरा वाचून या.