हॅमर एडिटर: ‘कार्व्ह दाबा, फिट दाबा’ हा सल्ला चुकीचा का आहे

हॅमर म्हणजे व्हॉल्व्हच्या सोर्स इंजिनवरच्या खेळांचे मॅप (खेळातली ठिकाणं) बनवायचा एडिटर. तो शिकायला बसलं की एक सल्ला हमखास मिळतो. भिंतीतून पाइप न्यायचाय? सिलिंडर भिंतीत घुसवा, कार्व्ह (एका आकाराने दुसरा कोरणारी कमांड) दाबा, भिंत त्याच्याभोवती आपोआप नीट बसते. मग प्रत्येक बाजूला टेक्स्चर (पृष्ठभागावर लावायचं चित्र) ‘फिट’ करा. तुकडे जास्त झाले तर कंपाइलर (मॅप खेळण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) बघून घेतो. ‘हाफ-लाइफ 2’ किंवा ‘पोर्टल’साठी मॅप करणाऱ्या नव्या माणसाची मेहनत या सल्ल्यापायी वाया जाते, म्हणून हे लिहितेय. (नंतरच्या सोर्स 2 इंजिनमधला हॅमर मेशवर, म्हणजे पृष्ठभागांच्या जाळीवर चालतो, त्याची गोष्ट वेगळी.)

पहिला मुद्दा, ‘भिंत नीट बसते’. बसत नाही. हॅमरमधला प्रत्येक ब्रश (भिंती-जमिनी ज्यांच्या बनतात तो घन ठोकळा) बहिर्वक्र (कुठेही खळगा नसलेला) असावा लागतो, म्हणजे एकाच ब्रशमध्ये भोक असूच शकत नाही. त्यामुळे कार्व्ह सिलिंडरची एकेक बाजू घेतं आणि त्या पातळीत भिंत आरपार कापतं. पहिला तुकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत निघतो, पुढचा उरलेल्या भागातून, त्यानंतरचा त्याहून उरलेल्यातून. आठ बाजूंना आठ तुकडे, सोळा बाजूंना सोळा, आणि त्यांत काही लांबलचक चिपा. कापांचे कोपरे बऱ्याचदा ग्रिड (आखणीची चौकटजाळी) सोडून अपूर्णांकात पडतात. पुढे भिंत जराशी हलवायची म्हटलं तरी कुठला तुकडा कुठे जातो ते कळत नाही.

हाताने केलं तरी तुकडे आठच होतात, हे मान्य. पण ते तुम्ही ठरवलेले असतात. 128 युनिटचं (युनिट हे हॅमरमधलं लांबीचं माप) चौकोनी भोक घ्या. बाजूंना चार आयताकृती ब्रश, आणि चार कोपऱ्यांत त्रिकोणी पाचरी, म्हणजे भोक अष्टकोनी होतं. काटेकोर अष्टकोनासाठी पाचर 37.5 युनिटची हवी. ती 36 ची करा. मग ती 4 च्या ग्रिडवर बसते, सरळ बाजू 56 युनिटची होते आणि तिरकी जवळपास 51 ची. हा फरक डोळ्याला खटकत नाही. एक पाचर क्लिप टूलने कापा, बाकीच्या तीन कॉपी करून उलटवा. काम मिनिटाचं.

पण मुळात भोक लागतं का? सल्ला देणारे हा प्रश्न विचारतच नाहीत. खेळाडू आत शिरणार नसेल, पलीकडचं काही दिसणार नसेल, तर भिंत अखंड ठेवा. पाइप मॉडेल (आधीच तयार केलेली वस्तू) असेल तर तो प्रॉप-स्टॅटिक (न हलणारी वस्तू) म्हणून सरळ भिंतीतून आरपार जाऊ द्या. भिंतीच्या आतला भाग कोणाला दिसत नाही, आणि भिंत अखंड असल्यामुळे लीकही (बाहेरच्या पोकळीत उघडणारी फट) होत नाही. एकच काळजी घ्या: मॉडेलचा मूळबिंदू भिंतीच्या आत अडकला तर प्रकाश तिथूनच मोजला जातो आणि पाइप काळाकुट्ट दिसतो. अशा वेळी मोकळ्या हवेत एक इन्फो-लायटिंग (प्रकाश कुठून मोजायचा ते सांगणारा बिंदू) ठेवून ते त्या प्रॉपला जोडा. पाइप ब्रशचाच असेल तर अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन तुकडे भिंतीला टेकवा.

‘कंपाइलर बघून घेतो’ हे तर अर्धवट ज्ञान. साधा ब्रश मॅपची जागा कप्प्यांत तोडतो, आणि कुठल्या कप्प्यातून कुठला दिसतो हे व्हीव्हिसला (कंपाइलमधल्या दृश्यता मोजणाऱ्या प्रोग्रॅमला) मोजावं लागतं. चिपा वाढल्या की कप्पे वाढतात, कप्पे वाढले की कंपाइल रेंगाळतं. पाचरींना फंक-डिटेल (‘हा नुसता तपशील’ अशी खूण) करा, मग त्या कप्पे तोडत नाहीत. मात्र फंक-डिटेल मॅप बंदिस्त करत नाही. बाहेरच्या पोकळीला लागून असलेल्या भिंतीत ते वापरलंत तर मागे साधा ब्रश हवाच.

आता ‘फिट’. मला सर्वांत जास्त राग या बटणाचा येतो, कारण याने चांगली घडवलेली वस्तूही बिघडते. फिट म्हणजे अख्खं टेक्स्चर त्या एका बाजूत कोंबणं. 512 पिक्सेलचं विटांचं टेक्स्चर नेहमीच्या 0.25 स्केलला (एक पिक्सेल म्हणजे पाव युनिट) 128 युनिट व्यापतं. ते 51 युनिटच्या बाजूत कोंबलं की विटांची रुंदी अडीचपट कमी होते. शेजारच्या 56 च्या बाजूला तीच वीट वेगळ्या रुंदीची. कुठला गवंडी अशी भिंत बांधेल?

त्याऐवजी टेक्स्चर टूलमध्ये एक बाजू नीट लावून निवडा, मग ऑल्ट धरून शेजारच्या बाजूवर राइट-क्लिक करा. टेक्स्चर कोपऱ्यावरून वळून पुढे चालू राहतं, कापड गुंडाळावं तसं. असं करत पूर्ण फेरी मारा. फेरी संपताना सुरुवात आणि शेवट जुळत नाहीत, कारण आपल्या अष्टकोनाचा घेर साधारण 427.6 युनिट आहे आणि त्यात 128 चं टेक्स्चर तीनदा बसून वर थोडं उरतं. मग आधीच गणित करा: घेर भागिले 3, भागिले 512. आडवं स्केल येतं 0.278. पहिल्या बाजूला ते टाका आणि मगच गुंडाळायला लागा. विटा किंचित रुंद होतात, पण सगळ्या सारख्याच, आणि सांधा जुळतो. उभं स्केलही तेवढंच ठेवलंत तर विटेचं प्रमाण बिघडत नाही. नक्षी अशी असेल की स्केल बदलताच येत नाही, तर पहिली बाजू खालची निवडा, म्हणजे न जुळलेला सांधा पायाशी जातो.