‘पुरातन नळ’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

१९६७ ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आणि आजची बीएमडब्ल्यू झेड४, म्हणजे कार्ब्युरेटर आणि इंजेक्शन (इंजिनाला पेट्रोल पुरवण्याची जुनी आणि नवी पद्धत), यांच्या माझ्या तुलनेवर तुम्ही लिहिलंत, “कार्ब्युरेटर म्हणजे पुरातन नळ. त्याची इंजेक्शनशी तुलना करणं हा अडाणीपणा आहे. आमच्या ओळखीच्यांची एमजीबी सिग्नलवरून निघताना खोकते आणि बंद पडते.” पुढे ब्रेक, टायर, एअरबॅग वगैरे.

लेख पटला नाही, हरकत नाही. पण अक्कल काढायचं काय कारण? ही भाषा मी कुठल्याही वाचकाशी वापरत नाही.

ब्रेकबद्दल तुमचं बरोबर आहे. एमजीबीला पुढे डिस्कच आहेत, मी चारही चाकांना ड्रम लिहिले होते. दुरुस्ती केली आहे.

आता नळ. नळ फिरवाल तेवढाच सुटतो. एमजीबीला जे दोन एसयू एचएस४ कार्ब्युरेटर आहेत, त्यांचं तसं नाही. इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढा त्यातला पिस्टन वर उचलला जातो, त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून (पेट्रोलच्या बारीक छिद्रातून) वर सरकते आणि पेट्रोलला वाट मोठी होते. हवा वाढली की पेट्रोल वाढतं, तेही एकाही वायरीशिवाय. याला नळ म्हणणाऱ्याने तो एकदा तरी उघडून पाहिला आहे का?

इंजेक्शन कुठे सरस आहे हे मी लेखात लिहिलंय, तुम्ही तिथपर्यंत पोचला नाहीत. ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. त्यातल्या इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. झेड४ चा सेन्सर ते ओळखून पेट्रोल वाढवतो. एसयूला ते कळत नाही. जेटचा षटकोनी नट आपल्याला खाली फिरवावा लागतो, एका वेळी एकच बाजू. मग इंजिन गरम असताना कार्ब्युरेटरचा पिस्टन त्याखालच्या पिनने जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. आरपीएम वाढून तसेच राहिले तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), इंजिन दबून बंद पडलं तर लीन, किंचित वाढून स्थिरावलं तर बरोबर. त्याआधी दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडाशी रबरी नळी धरून आत जाणाऱ्या हवेची फुसफुस कानाने ऐकून दोन्हीकडे सारखी करून घ्यायची. ती सारखी नसेल तर पुढची सगळी मेहनत वाया.

टायर आणि एअरबॅगवर वाद घालायचा नाही. तो लेखाचा विषयच नव्हता.

राहिली तुमच्या ओळखीच्यांची गाडी. वीस वर्षं हेच कार्ब्युरेटर उघडतोय म्हणून सांगतो, निघताना खोकणारी एमजीबी आली की मी पहिल्यांदा डॅशपॉटची, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पिस्टनची उसळी आवरणाऱ्या तेलाच्या नळीची, टोपी काढतो. आतली दांडी बहुतेक वेळा कोरडी निघते. तेल नसलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबताच पिस्टन एकदम उसळतो, हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतं. एसएई २० (जाडीचा दर्जा) तेल घाला, दोन्ही कार्ब्युरेटरांत. तरीही मे महिन्यात कात्रज घाट चढून थांबल्यावर बंद पडत असेल, तर एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटर यांच्यामधला उष्णतारोधक पत्रा जागेवर आहे का ते बघा. या इंजिनात दोन्ही एकाच बाजूला आहेत, एक्झॉस्ट बरोबर खाली. कुणीतरी काम करताना तो पत्रा काढून ठेवतो आणि परत बसवत नाही.