टायगरचे हाल

काल सकाळी दाराखालच्या फटीतून एक कागद आत सरकला. रेघी कागद, डावीकडे समास सोडलेला, अक्षर वळणदार. "प्रति, माननीय मॅडम, वरचा मजला. विषय : आपल्या कुत्रीमुळे आमच्या टायगरच्या मनःस्वास्थ्यावर होत असलेल्या परिणामांबाबत." खाली 'महोदया, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' अशी रीतसर सुरुवात. शाळा सुटल्यापासून असा अर्ज मी पाहिला नव्हता, आणि कुत्र्याच्या वतीनं लिहिलेला तर शाळेतही नाही. टायगर जेवत नाही. टायगर रात्रभर रडतो. टायगर दाराला नाक लावून बसतो आणि उठलाच तर घरातल्या फर्निचरवर तंगडी वर करतो. 'तरी आपण आपल्या कुत्रीचा योग्य तो बंदोबस्त करावा, ही नम्र विनंती. कळावे.' लोभ असावा, एवढं मात्र गाळलं होतं. सहीखाली 'टायगरचे पालक'.

तर बंदोबस्त.

चिंगी मोठ्या जातीची आहे. अशा कुत्र्यांची हाडं भरायला वेळ लागतो, म्हणून नसबंदीचं ऑपरेशन वाढ पुरी झाल्यावर करू, असं डॉक्टर म्हणाले होते. तारीख ठरली, आणि तारखेच्या तोंडावर चिंगीनं फरशीवर लाल ठिपका टाकला. हीट सुरू, म्हणजे ती माजावर आली. या दिवसांत तिथला रक्तपुरवठा वाढलेला असतो, कापाकापीत रक्तस्राव जास्त होऊ शकतो, त्यामुळे ऑपरेशन दोन-तीन महिने पुढे. हीट साधारण तीन आठवडे चालते, कुणाची दोन, कुणाची चार. "तोवर सांभाळा," म्हणाले आणि ते पुढच्या मांजराकडे वळले.

सांभाळणं म्हणजे मुख्यतः डायपर. कुत्रीच्या डायपरला शेपटीसाठी एक गोल भोक असतं. शेपूट स्थिर असते अशा समजुतीवर ते भोक पाडलेलं आहे. मी डायपर घेऊन जवळ गेले की चिंगीला आनंद होतो, आनंद झाला की शेपूट हलते, आणि हलती शेपूट त्या भोकात घालायची म्हणजे मला फरशीवर पालथं पडून एका हातानं शेपटीचं बूड धरावं लागतं. यात तिला खेळ दिसतो, मग आणखी आनंद. शेवटी शेपूट जाते, पण चिकटपट्टी कमरेच्या केसांना चिकटते. ती सोडवेपर्यंत शेपूट भोकातून परत बाहेर. हे जमून मी उठते, हात धुऊन येते, तर डायपर पलंगाखाली आणि चिंगी मागचा पाय आकाशाकडे करून स्वतःची स्वच्छता करत बसलेली. ती हे काम माझ्यापेक्षा चांगलं करते, हे मान्य करायला हवं. शिवाय डायपर सतत ठेवूनही चालत नाही, कातडी लाल होते. आणि ज्यांना वाटतं की डायपर घातला म्हणजे कुलूप लागलं, त्यांनी ठरवून आलेला नर कधी पाहिलेला नाही.

बाहेर नेणं हा वेगळाच प्रकार. आखूड पट्टा, आडवेळ आणि जातानाच मागे बघत जायचं. कोपऱ्यावरचा एक म्हातारा कुत्रा, जो गाडीनं हॉर्न दिला तरी मान वळवत नाही, तो परवा उठला. नुसता उठला नाही, चालला. कुणीतरी सांगितलं, शेपटीला बाम चोळा, वास लपतो. लपतो, पण माणसापासून. कुत्र्याला बामही कळतो आणि बामाच्या मागे कोण आहे तेही कळतं, शिवाय तो बाम चाटून चिंगीच्या पोटात जातो ते निराळंच.

तर अर्जाचा निकाल घ्यायला संध्याकाळी काका स्वतः हजर. खालच्या मजल्यावरचे. हातात पट्टा, पट्ट्याला कुत्रा नाही.

"टायगर कुठंय?"

"खाली बांधलाय. त्याला वर आणवत नाही हो. तुमच्या पायरीचा वास आला की थरथरतो." अर्जातली मी मॅडम होते, दारात ताई झाले. "ताई, अर्ज मिळाला?"

"मिळाला."

"मग? कार्यवाही काय?"

मी म्हटलं, "काका, चिंगी घरातच असते. दार बंद, बाल्कनी बंद."

"पण वास?"

"वास मी कसा बंद करणार?"

"खिडक्या."

"त्याही बंद आहेत. उकडून मरतोय आम्ही."

"मग रोज आंघोळ घाला तिला."

"तो वास घाणीचा नाही, काका. शरीरातून येतो. आंघोळीनं जात नाही."

काकांनी विचार केला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नातेवाइकांकडे पाठवता नाही का येणार थोडे दिवस?"

"कुणाच्या?"

"तिच्या."

यावर मला उत्तर सुचलं नाही. माझी शांतता त्यांनी सहानुभूती समजली आणि टायगरच्या तब्येतीचा तपशील सुरू झाला. काल हातानं भरवलं तेव्हा एक घास खाल्ला, तोही त्यांच्याकडे न बघता. रात्री मध्येच उठून रडला, मग काका त्याच्याजवळ जमिनीवर जाऊन झोपले, तेव्हापासून काकांची पाठ धरली आहे. पाठीचाही माझ्यावर हिशेब असावा, असा सूर होता. टायगर हे नाव आहे बरं का. उंची माझ्या पोटरीपर्यंत, तीही कानांसकट.

"काका, त्याचं ऑपरेशन करून टाका. नराचं सोपं असतं, पोट उघडावं लागत नाही."

काकांनी रिकामा पट्टा दोन्ही हातांनी पोटाशी धरला. पोटाच्या जरा खालीच. "छे छे, असं कसं बोलवतं तुम्हाला! पुरुषासारखा पुरुष तो."

"कुत्रा आहे."

"तरी!"

"चिंगीचं ऑपरेशन लवकर उरका, असं मला तुम्हीच सांगत होता."

"तिची गोष्ट वेगळी. तिचं काय, पोटच उघडायचं."

हे ते अगदी मनापासून म्हणाले. चेहऱ्यावर कसलाही कावा नाही. मी दाराची कडी चाचपली, लावायला की उपसून हातात घ्यायला, ते मलाच ठाऊक नव्हतं.

मग काका मूळ मुद्द्यावर आले. अर्ज ही नुसती प्रस्तावना होती. "तळमजल्यावरच्या काकू म्हणत होत्या, आता रंग फिका झालाय. म्हणजे संपत आलंच ना? मग एकदा खाली आणा तिला. पाच मिनिटं. भेटतील, बघतील, याचं मन शांत होईल."

सगळ्यांचा घोळ इथेच होतो. लोक कुत्रीच्या रक्तस्रावाला बाईची पाळी समजतात. बाईचं रक्त जातं ते गर्भ राहिला नाही म्हणून. कुत्रीचं आधी जातं, गर्भाची तयारी चालू असताना. पहिले आठ-दहा दिवस लाल, तेव्हा ती नराला जवळही येऊ देत नाही, दात दाखवते. मग रंग फिका होतो, वाळल्या गवतासारखा होतो, घरातली माणसं हुश्श करतात, फडकी धुऊन वाळत टाकतात, आणि नेमके तेच दिवस धोक्याचे. आता ती शेपूट एका बाजूला करून उभी राहते. चिंगी सध्या कपाटासमोरही तशीच उभी राहते. दिवसांचा हा हिशेबही कुत्रीगणिक बदलतो, म्हणून पिल्लं हवी असणारे लोक नेमका दिवस धरायला रक्त तपासून घेतात. कुत्रीचं बीज बाहेर पडतं तेव्हा कच्चं असतं, पिकायला आणखी दोनेक दिवस लागतात, आणि नराचं बीज आत जवळजवळ आठवडाभर तग धरू शकतं. म्हणजे 'आज काही झालं नाही' या वाक्याला इथे काडीची किंमत नाही.

हे सगळं मी काकांना दारात उभ्यानं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण मी पाचच मिनिटं म्हणतोय."

"काका, ती जोडी एकदा अडकली की पंधरा-वीस मिनिटं सुटत नाही, कधी जास्तच. ओढून सोडवायला जावं तर दोघांना इजा."

"पण आमचा टायगर केवढासा! पोचणार तरी आहे का?"

"इमारतीला जिना आहे, काका."

त्यांनी वळून जिन्याकडे पाहिलं. पायऱ्यांच्या उंचीचा त्यांनी या दृष्टीनं कधी विचार केला नसावा. चेहऱ्यावर चिंता नव्हती, हे मला खटकलं. किंचित अभिमानच होता.

या नराच्या जातीला कमी लेखू नये. १९६० मध्ये स्ट्रेल्का नावाची कुत्री सोव्हिएत यानातून अंतराळात जाऊन सुखरूप परत आली. पुढे तिला पिल्लं झाली, त्यातली पुशिंका ही कन्या सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हनी १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या कुटुंबाला भेट पाठवली. शीतयुद्धाचा भर. शत्रूकडून आलेली कुत्री म्हणून तिच्यात कुठे छुपा मायक्रोफोन तर नाही ना, याची तपासणी झाली. सगळं तपासलं, फक्त घरातल्या चार्लीला विचारायचं राहिलं. चार्ली हा केनेडींचा वेल्श टेरियर. १९६३ च्या जूनमध्ये व्हाइट हाऊसमध्ये चार पिल्लं जन्मली, आणि स्पुटनिक या सोव्हिएत उपग्रहाच्या चालीवर केनेडी त्यांना 'पपनिक' म्हणत. जगातला सगळ्यात कडक पहारा, दोन महासत्ता, अणुबॉम्ब रोखलेले, तरी चार्लीचं काम झालं. माझ्याकडे एक कडी आणि एक आखूड पट्टा आहे.

फरक इतकाच की तिथे पिल्लांचं कौतुक झालं. इथे चिंगीला काही झालं तर साधारण ६३ दिवसांनी खोकं भरून पिल्लं माझ्या घरात असतील, आणि त्यांचा बाप एकच असेल असंही नाही. एकाच वेतात दोन-तीन बापांची पिल्लं होऊ शकतात. त्या दिवशी एकाही बापाचा पालक रेघी कागद घेऊन वर येणार नाही, हे मी लिहून देते. चिंगी काही कुणाच्या दारात जाऊन बसत नाही. दारात बसतात ते नर. तरी दार बंद मी करायचं, फिरायच्या वेळा मी बदलायच्या, उकाड्यात खिडक्या मी लावून घ्यायच्या, डायपर तिनं घालायचा, पोट तिचं उघडायचं, आणि बंदोबस्त करा म्हणून नम्र विनंती आम्हालाच. ज्याचा कुत्रा मोकळा हिंडतो त्याला कुणी बंदोबस्त सुचवत नाही. उलट कौतुक, "फार वांड आहे हो आमचा!" ती हीटवर आली की तीच चवचाल. परवा जिन्यात एकीनं चिंगीकडे बघून नाक मुरडलं, जणू हे तिनं हौसेनं आरंभलंय.

आणि तीन आठवड्यांनी सुटका होते म्हणावं तर तेही नाही. पुढे दोनेक महिने लक्ष ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलंय. ती पाणी फार पिऊ लागली, मरगळली, जेवण टाकलं, उलट्या झाल्या, तर थेट दवाखाना. गर्भाशयात पू होऊ शकतो, बाहेर काही दिसलं नाही तरी. त्यात जीव जाऊ शकतो. चिंगीचं जेवण गेलं तर काळजी पू झाला का याची. टायगरचं गेलं की अर्ज.

असो. काका गेले, हात हलवत, पट्टा फरपटत. मी डायपर बदलला (शेपूट, बूड, चिकटपट्टी, सगळं यथासांग), फरशी पुसली आणि जरा टेकणार, तोच पुन्हा बेल. पुन्हा काका. या वेळी आवाज एकदम खाली. आधी जिन्यात वर-खाली पाहून घेतलं.

"ताई, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचारा."

"तिचं एखादं जुनं फडकं मिळेल का? वापरलेलं. त्याच्याजवळ ठेवतो रात्री. तेवढाच त्याला आधार."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते गंभीर होते. आता, हीटवरच्या कुत्रीचं फडकं वयात आलेल्या नराजवळ ठेवलं तर तो शांत होत नाही. तो अर्जात लिहिलेलं सगळं दुप्पट करतो, आणि घरातल्या उभ्या असलेल्या प्रत्येक वस्तूवर सही करत सुटतो. हे मला पक्कं माहीत होतं. काकांना सांगायला माझं तोंडही उघडलं होतं. पण 'पोटच उघडायचं' आठवलं.

एक सोडून दोन फडकी दिली. नीट घडी घालून, पिशवीत भरून, वर गाठ मारून. काकांचे डोळे पाणावले. "तुम्हाला मन आहे हो, ताई," म्हणाले.

आत्ता, हे लिहीत असताना, खालून टायगर केकाटतोय. मध्येच काहीतरी पडल्याचा आवाज आला. आता काकांचाही येतोय. "सोफा नको! टायगर, सोफा नको रे!"