ऑफलाइन म्हणे!

दोन पानं. फक्त दोन पानांचा फॉर्म छापायचा होता, सही करून पाठवून द्यायचा होता. त्यात अख्खी संध्याकाळ गेली. कारण काय, तर प्रिंटर 'ऑफलाइन' आहे. अरे, ऑफलाइन कसा? माझ्या डाव्या हाताला, दीड हातावर बसलाय मेला! हिरवा दिवा लागलाय, इवल्याशा पडद्यावर 'रेडी' लिहिलंय, वायफायची खूण स्थिर आहे. आणि कॉम्प्युटर तोंड वर करून सांगतोय की असा कोणी नाहीच.

तो एक शब्द माझ्या डोक्यात जातो. वायर निघाली? ऑफलाइन. पत्ता बदलला? ऑफलाइन. साहेबांचा मूड नाही? ऑफलाइन. डॉक्टरसमोर बसून नुसतं "बरं वाटत नाही" म्हणत राहायचं आणि कुठे दुखतंय ते सांगायचं नाही, असला प्रकार.

घरातली प्रिंटरवाली मीच. कधीतरी अडकलेला कागद ओढून काढला होता, तेवढ्या पुण्याईवर हे खातं कायमचं माझ्या गळ्यात. नवरा येऊन म्हणतो, "अगं, काल तर चालत होता." हो, काल चालत होता. काल मीही बरी होते. मग आपल्या लॅपटॉपवर जाऊन तोच फॉर्म पुन्हा छापायला देतो आणि आतून ओरडतो, "परत दिलीये बघ!" जणू प्रिंटरला ऐकू कमी येतं.

प्रिंटर बंद-चालू केला. कॉम्प्युटर बंद-चालू केला. राउटरकडे नुसता हात नेला तर लेक किंचाळली, तिचा ऑनलाइन क्लास चालू होता. बिघाड आपोआप शोधणारा ट्रबलशूटर फिरवला. त्याने बराच वेळ विचार केल्यासारखं दाखवलं आणि समस्या आढळली नाही म्हणून मोकळा झाला. आढळली नाही? मी समोर बसलेय ना! मग स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम, थांबवला, त्याच्या फोल्डरमधल्या तुंबलेल्या फाइली उडवल्या, पुन्हा सुरू केला. ढिम्म. ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटरमधला दुभाषी, नव्याने टाकला, तर यादीत त्याच नावापुढे 'कॉपी १' लावून जुळा भाऊ हजर. त्या गडबडीत आपोआप निवडला जाणारा डीफॉल्ट प्रिंटर कसा कोण जाणे पीडीएफवाला झाला, म्हणजे प्रिंट दिली की कागदाऐवजी "फाइल कुठे ठेवू?"

नेटवर शोधावं तर निम्मे लोक २०२१ च्या 'प्रिंटनाइटमेअर'च्या गोंधळात अडकलेले. विंडोजच्या स्पूलरमधलं सुरक्षेचं भगदाड बुजवायला अपडेट आले आणि त्यानंतर कित्येकांचे शेअर केलेले प्रिंटर जोडलेच जाईनात, शेवटी ११बी असलेला एक लांबलचक एरर यायचा. माझा तो आजारच नव्हता, पण अर्धा तास वाचत बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी.

एवढ्यात क्लास संपवून लेक आली, मोबाइलवर काहीतरी टिचकी मारली, आणि प्रिंटर घर्र करून सुरू! कसलं तरी चित्र छापून माझ्या हातात देत म्हणाली, "आई, हा चालतोय की."

फॉर्म तिच्या मोबाइलवर पाठवला असता तर दोन मिनिटांत सुटले असते. कळत होतं मला. पण आता फॉर्मचा प्रश्नच उरला नव्हता.

मी पिंग करून बघितलं, म्हणजे पत्त्यावर हाक मारून कोणी ओ देतं का ते. १९२.१६८.१.७, हा आमच्या प्रिंटरचा पत्ता, मीच पूर्वी शहाणपणा करून कॉम्प्युटरमध्ये घालून ठेवलेला. पटापट उत्तरं आली. चारही पाकिटं गेली, चारही परत. म्हणजे नेटवर्क ठीक, प्रिंटर जागा, आणि तरी हा ऑफलाइन! पिंग न थांबता चालू राहील असं लावलं आणि संतापाच्या भरात मी प्रिंटरची वायर भिंतीतून उपटली. दिवे गेले. पंख्याची घरघर थांबली. आणि स्क्रीनवर? ७ नंबर अजून उत्तर देतोय.

वायर हातात, समोर मेलेला प्रिंटर, आणि तो उत्तर देतोय. अंगावर काटा आला हो!

मग एकेक वस्तू बंद करत सुटले. बाहेर टीव्हीचं मेन बटण दाबलं आणि उत्तरं थांबली. (नवऱ्याची मॅच चालू होती. त्याबद्दल इथे लिहीत नाही.)

झालं होतं असं, की दुपारी वीज जाऊन आली. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता देतो तो भाड्याने, तांत्रिक भाषेतही त्याला 'लीज'च म्हणतात. आमचा राउटर वीज आल्यावर जुने भाडेकरू विसरला, टीव्हीने आधी नंबर लावला आणि ७ पटकावला. प्रिंटर गेला १२ वर. मोबाइल दर वेळी "इथे प्रिंटर कोण आहे?" अशी हाक मारून शोधतो, म्हणून त्याला सापडला. आणि माझा कॉम्प्युटर तीन तास टीव्हीच्या ९१०० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे प्रिंटर ज्या दारातून काम घेतो त्या दारावर, फॉर्म घेऊन उभा! टीव्ही दार उघडेना, म्हणून निष्कर्ष काय, तर प्रिंटर ऑफलाइन. अरे ठोंब्या, "या पत्त्यावर प्रिंटर भेटत नाही, पत्ता तपासा" एवढं एक वाक्य बोलायला काय जातं तुझं? माणसाला चंद्रावर उतरून अर्धं शतक उलटलं, आणि तुला शेजारच्या टेबलावरचा प्रिंटर ओळखू येत नाही?

कॉम्प्युटरमधल्या प्रिंटरच्या सेटिंगमध्ये नवा पत्ता घातला. राउटरमध्ये जाऊन प्रिंटरच्या मॅक अ‍ॅड्रेसवर, म्हणजे त्या यंत्राच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावर, तो पत्ता राखीव करून ठेवला, आता वीज दहा वेळा गेली तरी १२ नंबर त्याचाच. फॉर्म छापला. मग तीच दुरुस्ती करायला नवऱ्याचा लॅपटॉप घेतला, पत्ता बदलून 'ओके' दाबलं, आणि त्याने संध्याकाळभर दिलेल्या सातही प्रिंटा एकामागून एक बाहेर पडायला लागल्या. सात फॉर्म, चौदा पानं.

नवरा दारात येऊन म्हणाला, "बघ, मी म्हटलं होतं ना, दिलीये म्हणून."